उमेदवार सोडून

बाईंनी पुन्हा विचारलं, तरी दोघांपैकी कुणी आकडे पुढे करेना.

उद्या शाळेच्या विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक. मुलांचा कल कुणाकडे आहे, त्याची पाहणी गणिताच्या बाईंनी आठवीतल्या चश्मिस आणि लंबू या दोघांवर सोपवली होती. मधल्या सुट्ट्या खर्चून दोघं वर्गावर्गांत फिरली. आज दुपारी आकडे फळ्यावर लागायचे होते. फळा कोराच होता. दाराबाहेर पोरं घुटमळत होती, एकमेकांना ढकलत होती. आत चश्मिस सारखा चष्मा पुसत होती. लंबू या पायावरून त्या पायावर होत होता.

कारण काय ते आपल्याला कळलंय, असं बाईंना वाटलं. उमेदवार दोनच. एक भोंगा, त्याला माइक नसला तरी चालतं. दुसरी गप्पी, या दोघांची मैत्रीण. बोलताना अडखळते, म्हणून बहुतेक वेळा बोलतच नाही. तिला मोजकीच मतं पडत असणार, आणि ती फळ्यावर लिहायला यांचा हात धजत नसणार. आकडा आवडला नाही म्हणून दडवायचा नसतो, मैत्रिणीचा असला तरी, असं बाईंनी शांतपणे समजावलं.

"तसं नाही, बाई," चश्मिस म्हणाली. "गप्पी जिंकतेय. भोंगा पार आपटलाय."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. भोंग्यासमोर कुणी उभं राहीना, तेव्हा या दोघांनीच गप्पीला गळ घातली होती. नुसतं नाव दे, तू हरशीलच, काळजी करू नकोस, असा शब्द दिला होता. आणि आता जो तो तिचंच नाव घेत होता. सहलीच्या बसमध्ये ज्याला ओकारी झाली, त्याचं कपाळ धरून बसायची ती. पोरं ते विसरली नव्हती. पण निवडून येणाऱ्याला रोज सकाळी अख्ख्या शाळेसमोर माइकवर सूचना वाचाव्या लागत. आज आकडे कळले, तर गप्पी उद्या शाळेतच यायची नाही. उद्याचं उद्या बघू, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

तोंडी गणितं घेताना बाईही नेहमी गप्पीला वगळून पुढच्या बाकाकडे जात. मायेनेच. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. नाही लावले आकडे, तर काय बिघडणार होतं? त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, कुणाला विचारायचं राहिलं तर नाही ना?

"नाही. उमेदवार सोडून सगळे झाले," लंबू म्हणाला. तसं भोंग्याने न विचारताच दोनदा सांगितलं होतं. आणि गप्पी? दोघं फरशीकडे बघू लागली. तिला बोलायचा त्रास नको, म्हणून तिला विचारलंच नव्हतं.

"बोलवा तिला," बाई म्हणाल्या.

गप्पी आली. बाकीच्यांना विचारलेला प्रश्न चश्मिसने तिलाही विचारला. मत कुणाला देणार? गप्पीने तोंड उघडलं. शब्द ओठांपाशीच अडला. लंबू घाईघाईने भोंग्याचं नाव सुचवायला निघाला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गप्पीची मान ताणली गेली, कान लाल झाले. चश्मिसने हातातला चष्मा घट्ट धरला. कुणीच मदत केली नाही. सगळे थांबले.

"म-मलाच," गप्पी म्हणाली. मग ओशाळून बाईंकडे बघत तिने हळूच जोडलं, "ए-एक तरी पडायला हवं ना, बाई."