शेजारची जागा

तो सरळ येऊन रिक्काच्या शेजारीच बसला.

बसमध्ये वीस-पंचवीस जागा रिकाम्या होत्या. फिनलंडमधल्या कुओपिओ शहरात असं कुणी करत नाही. तिथे माणसं एकेका खिडकीशी एकेकटी बसतात, आणि खिडक्या संपल्या की उभी राहतात. रिकाम्या बसमध्ये मुद्दाम येऊन चिकटणारा एक तर प्यायलेला असतो, नाहीतर त्याच्या मनात पाप असतं. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

रिक्काने त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. चाळिशीचा, गालफडं बसलेली, मानेवर गोंदलेलं, जॅकेटवर रंगाचे डाग. ती खिडकीकडे सरकली. तो हलला नाही. मांड्यांवर हात ठेवून नुसता समोर बघत राहिला.

एप्रिलात याच बसमध्ये, भरदिवसा, एकाने तिला असंच खिडकीशी दाबून धरलं होतं. सहा स्टॉप. त्याचा हात तिच्या कोटाच्या आत होता आणि आजूबाजूची माणसं फोनमध्ये डोकी खुपसून बसली होती. पोलिसांनी एवढंच विचारलं, ओरडला का नाहीत? पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं. तेव्हापासून रिक्का औषधांच्या दुकानातल्या आपल्या कामावर पायी जात होती. जायला एक तास, यायला एक तास, सात महिने. बसचा नुसता आवाज आला तरी ती फुटपाथच्या आतल्या कडेला सरकायची.

अशा पीडितांना मदत करणाऱ्या केंद्रात मार्केत्ता नावाची एक बाई होती. ती दर गुरुवारी रिक्काला कॉफी पाजायची आणि मग भिंतीसमोर उभं करून ओरडायला लावायची. "लाजतेस काय? मोठ्याने. हा माझा कुणी लागत नाही, हे लोकांना कळू दे." आणि निघताना न चुकता सांगायची, "बसमध्ये एखादं सभ्य माणूस बघ आणि त्याच्या जवळ बस."

आज रिक्का पहिल्यांदा बसमध्ये चढली होती. सांगितलेलं सगळं तिने पाळलं होतं. मागच्या सीटवर एक वयस्कर गृहस्थ होते. चांगला लोकरी कोट, मांडीवर केकचा खोका. त्यांना बघूनच तिने ही जागा धरली होती. आजचा दिवस निभावला तर बस तिला परत मिळणार होती. नाही निभावला तर ती पुन्हा कधीच चढणार नव्हती, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

"इतक्या जागा रिकाम्या आहेत," ती म्हणाली.

"बसू द्या," तो पुटपुटला. "तीनच स्टॉप."

"का?"

तो आणखी थोडा तिच्याकडे सरकला.

रिक्का ताडकन उभी राहिली. "मी या माणसाला ओळखत नाही. हा मला चिकटून बसलाय. बस थांबवा."

आवाज खणखणीत निघाला. पुढच्या चार-पाच जणांनी माना वर काढल्या. स्टॉपवर बस थांबली आणि धिप्पाड ड्रायव्हर उठून मागे आला.

"काय रे, एवढ्या बसमध्ये तुला हीच जागा सापडली?"

"मी काही केलं नाही." त्याचे कान लालबुंद झाले होते. एकेक शब्द त्याला शोधावा लागत होता. "हे मागचे... या बाईंची वेणी सीटमागे लोंबत होती. ती हातात घेऊन बसले होते. हुंगत होते. म्हणून मी इथे येऊन बसलो."

मागचे गृहस्थ कसनुसं हसले. "बघा. सापडलं की दुसऱ्यावर ढकलायचं. सत्तरी उलटली माझी. नातीच्या वाढदिवसाला निघालोय." मग ते रिक्काकडे वळले. "घाबरू नका, बाई. मी सगळं बघितलंय. सांगाल तिथे येऊन साक्ष देईन."

एप्रिलात एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर. रिक्काचे डोळे भरून आले.

"उतरवा याला," ती म्हणाली.

"खरं सांगतोय हो. तुम्ही निदान जागा तरी बदला."

"उतर की बाबा," पुढून एक बाई करवादली. "घरी जायचंय आम्हाला."

ड्रायव्हरने त्याच्या दंडाला धरून त्याला दाराबाहेर काढलं. बाहेर ओला बर्फ पडत होता. दार मिटलं तरी तो काचेवर थापट्या मारत राहिला. त्याची नजर रिक्काकडे नव्हती, तिच्या मागे होती. रिक्काने तोंड फिरवलं आणि ती खाली बसली.

बस तळ्यावरच्या लांब पुलावर चढली. पुढची डोकी परत फोनमध्ये गेली. सात महिन्यांत इतकं मोकळं रिक्काला कधी वाटलं नव्हतं. तिने मार्केत्ताला लिहिलं, "जमलं मला." मग त्या गृहस्थांचे आभार मानावेत म्हणून ती वळायला गेली.

मान वळेना. वेणीला मागून हिसका बसला आणि तिचं डोकं सीटच्या पाठीला टेकलं. कुणीतरी ती मुठीला दोन वेढे देऊन घट्ट धरली होती.

"ओरड ना," म्हातारा आवाज तिच्या कानाशी म्हणाला. "एकाच बसमध्ये दोनदा ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं, बघू."