वोसेलसाहेबांचे सज्जे

समितीची गाडी खाली थांबली, तेव्हा रक्किया चौथ्यांदा सज्जा पुसत होती.

कासाब्लांकाच्या त्या वस्तीत वोसेल नावाच्या मोठ्या वास्तुकाराने सत्तर वर्षांपूर्वी तीन इमारती बांधल्या होत्या. आता तिथून रस्ता जायचा होता. वोसेलची आठवण म्हणून एकच इमारत राखायची आणि बाकीच्या दोन पाडून तिथल्या लोकांना शहराबाहेर धाडायचं, असं वरून ठरलं होतं.

वोसेलने प्रत्येक घराला उंच भिंतींचा, आभाळाला उघडा सज्जा दिला होता. पण पोरंबाळं वाढली की आभाळ काय चाटायचंय? लोकांनी छतं घालून खोल्या केल्या. रक्कियाच्या नवऱ्यानेही केली. तिच्या दोन्ही लेकी त्याच खोलीत जन्मल्या, आणि तो गेलाही तिथेच.

महिन्यापूर्वी रक्कियाने इमारतीतल्या चोवीस घरांच्या हातापाया पडून ती सगळी छतं उतरवून घेतली. इमारत मूळ नकाशासारखी दिसली तरच वाचेल, याबद्दल तिला शंका नव्हती. आपली खोली पाडताना मात्र ती हमसून हमसून रडली.

समोरच्या इमारतीतला, कबुतरं पाळणारा बूशैब पत्र्याच्या छपराखालून ओरडला, "रक्कियाबाई, पावसात झोपणार कुठं? वोसेलच्या मांडीवर?"

"हस मेल्या! घर पडेल तेव्हा तुझी कबुतरं धरायला मी नाही येणार."

समितीच्या मादाम बेन्निस घरोघर हिंडल्या आणि शेवटी रक्कियाकडे पुदिन्याच्या चहाला टेकल्या.

"एकाही सज्ज्यावर छत नाही?"

"एकाही नाही," रक्किया म्हणाली.

"कुणी कधी घातलंच नाही?"

चोवीस घरांचा जीव तिच्या एका शब्दावर टांगला होता. अल्ला माफ करेल, असं मनाशी म्हणून ती बोलली, "कधीच नाही, मादाम. सत्तर वर्षांत कुणी साधा खिळा ठोकला नाही."

मादामनी तेवढं लिहून घेतलं, समितीतल्या बरोबरच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि वही मिटली.

"मग आमचीच राहणार ना?"

"निवड आमची नाहीच. वोसेलच मरण्यापूर्वी लिहून गेलेत," मादाम म्हणाल्या, आणि पिशवीतलं पत्र काढून वाचू लागल्या: "'ज्या इमारतीतल्या लोकांनी माझं सर्वांत कमी ऐकलं, तेवढी ठेवा.'"