तिघांचा चहा

टीव्हीवरचा सिनेमा संपला. समुद्रात बेपत्ता झालेला मुलगा घरी परतून आईसमोर चहा पीत बसला होता.

"तो खरंच आला, की तिला भास झाला?" यांनी विचारलं.

आईच्या कपातून वाफ निघत होती, मुलाच्या कपातून नाही. मला ते लगेच दिसलं होतं.

"खरंच आला," मी म्हणाले.

आमचा निनाद ट्रेकला गेला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून हे दुपारी तिघांचा चहा टाकतात. मी कधी अडवलं नाही.

"सगळी नोकरी प्रयोगशाळेत काढलीस," हे हळूच म्हणाले, "आणि तुला वाफ दिसली नाही होय गं?"

मी मान खाली घातली.

"चहा करतो," म्हणत हे उठले. ओट्यावर आज त्यांनी दोनच कप मांडले.