गाठोड्याची गाठ

घरधनी सोनाळ्याहून सातपुड्यात निघाले की त्यांचं गाठोडं मीच बांधते. पाण्याचा तुंबा, चकमक, दोर, भाकरी, जंगलखात्याचा परवाना. माझ्या हातून काही राहत नाही, आणि देवाच्या कृपेनं ते सुखरूप येतात.

काल सांजेला आले. दिवा लागेपर्यंत माझं रोजचं मौन असतं, म्हणून मुकाट्यानं गाठोडं उतरवून घेतलं. गाठ मी बांधली तशीच होती.

"तुया हातची गरम भाकरी खाल्ली," ते म्हणाले. "पण जंगलात माह्या मागं काऊन आली वं? वाटभर बोलली नाई. म्हटलं, मौन असन."

विचारता यावं म्हणून मी घाईनं दिवा लावला.

तोंड उघडण्याआधीच अंगणातून माझाच आवाज आला, "दिवा लागला. आता बोलते."