परसातले घाव

पुंजारामच्या छातीत कळ येऊन गेली, तेव्हापासून जालन्याच्या डॉक्टरांनी त्याला लाकडं फोडायला साफ मनाई केली होती. विडीबद्दल सांगायला ते विसरले, म्हणून त्याचा त्यांच्यावर पक्का विश्वास बसला. त्याच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, कुऱ्हाडच भावाच्या हाती हसनाबादला धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात घाव पडू लागले.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून पुष्पाबाई मागं धावली. बाभळीचा ओंडका होता तसाच पडलेला. जवळ कुणी नव्हतं. घाव मात्र चालूच होते.

ती घरात आली. पुंजाराम बाजेवर बसून चहा पीत होता आणि बाहेरच्या प्रत्येक घावासरशी त्याला धाप लागत होती. सदरा घामानं चिंब झाला होता.

"माझ्याकडं काय बघती? इथंच तर बसून राह्यलो," तो म्हणाला.

तिनं त्याचे तळवे उघडून पाहिले. दोन्हींवर ताजे फोड आले होते.

घाव भराभर पडू लागले. पुंजारामनं छाती धरली, तशी ती मागच्या दाराकडं तोंड करून म्हणाली, "आवो, बस करा आता. पाया पडते तुमच्या."

घाव थांबले. दारापलीकडून पुंजारामचाच आवाज आला, "आलोच. एवढं एकच लाकूड राह्यलं."