पहाऱ्याची दाटी

शुक्रवार, १२ ऑगस्ट २००५, सकाळचे सात. अंबडच्या एका कारखान्याचे भांडारप्रमुख कोंडाजी गायधनी चहा घेताना लेकीला म्हणाले, "गेटवर एकाचे तीन पहारेकरी केले, तरी यंत्रांत बसवायच्या पितळी बुशांची चोरी वाढतेच आहे. माझा संशय भांडारातल्या हमालावर, दत्तूवर आहे. आज त्याला कायमचा घरी बसवतो आणि चौथा पहारेकरी मागतो."

कर्करोगावर संशोधन करणारी मनीषा म्हणाली, "बाबा, गाठीभोवतीही शरीराच्या रक्षक पेशी दाटीने जमतात. पण त्यांतल्याच काही फितूर होऊन कर्करोगाच्या पेशींना रक्तवाहिनीत शिरायला वाट करून देतात. मग रोग अंगभर पसरतो."

"रक्षकच? काहीतरीच तुझं!" म्हणत कोंडाजी उठले, पण ती गोष्ट दिवसभर त्यांच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी गेटवर पहारेकऱ्याने दत्तूचा डबा उपडा केला.

"बघा ना साहेब, नागलीची भाकर हाय नुसती," दत्तू कळवळून म्हणाला.

"लय बेरकी हाय हा, साहेब," पहारेकरी हसला.

"असेल," कोंडाजी शांतपणे म्हणाले. "आता तुम्ही तिघे आपापले डबे उघडा."



तीन डब्यांत भाकरी एकही नव्हती; पितळी बुश निघाले बावीस.