धाकटीची पातेली

"ती नको! ती कांडी घरच्या भांड्यांची आहे."

कल्हईवाला असा खेकसला की त्याच्या बायकोचा, थोरलीचा हात फळीवरच थांबला. डब्यातलं कथील संपत आलं होतं, म्हणून ती बिचारी नवी कांडी काढून द्यायला गेली होती. भट्टीवर तिच्या धाकट्या बहिणीचं तांब्याचं पातेलं तापलं होतं. तीन पातेली झाली होती, हे चौथं.

"घरच्यांची वेगळी असते?"

"वेगळी म्हणजे... तू भाता मार गं. पातेलं थंड होतंय."

तिनं भाता मारला नाही. फळीवरची कांडी घेतली, डब्यातलं थोटूक घेतलं आणि दोन्ही वाकवून पाहिली. खरं कथील वाकवलं की कुरकुरतं. हे तिला त्यानंच शिकवलं होतं, नवी नवरी असताना, हात हातात धरून. फळीवरची कांडी कुरकुरली. डब्यातलं थोटूक मात्र मुकाट वाकलं.

"शिसं घालता?"

"हळू बोल, ती आत आहे." त्यानं कापसाचा बोळा पातेल्यात फिरवला. आतून ते चांदीसारखं उजळत गेलं. "चिमूटभर घालतो. सगळेच घालतात. इतक्या वर्षांत कुणाला काही झालंय का?"

"मग घरच्या भांड्यांना का नाही घालत?"

"आपल्या पोरांच्या पोटात गेलेलं चालेल तुला?"

"आणि तिच्या पोरीच्या?"

"आता झाली ना तीन पातेली! परत खरवडत बसू?"

म्हणजे पातेली खरवडायचा त्याला कंटाळा. धाकटीच्या घरी नॉनस्टिकच्या कढयांचा काळा थर सुटून भाजीत यायला लागला, तेव्हा धाकटीनं सगळ्या कढया उचलून टाकून दिल्या होत्या. स्टील घ्यावं की लोखंड, की काच, म्हणून दुकानं पालथी घातली होती, दहा जणांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी थोरलीच म्हणाली होती, आईची तांब्याची पातेली पडून आहेत ती आण, ह्यांच्या हातची कल्हई असली की डोळे मिटून जेव. केसानं गळा कापतात तो असा. वर बहिणीला बोलावून आणायचं कामही तिच्याच तोंडून करून घेतलेलं.

धाकटी पदराला हात पुसत बाहेर आली. मागोमाग तिची तीन वर्षांची लेक.

"अगंबाई, काय लखलखताहेत! भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? आता मी निर्धास्त झाले बघा."

"उपकार कसले त्यात," कल्हईवाला साळसूदपणे म्हणाला आणि पातेलं पाण्यात बुडवलं. चर्र झालं.

बोलावं, तर उद्यापासून दारात एक भांडं येणार नाही, भट्टी विझेल आणि घरची चूलही. न बोलावं, तर ही पोर रोज त्यातलं जेवणार. रागानं थोरलीला रडू येत होतं आणि रडायचीही चोरी. तिनं चारांतलं एक पातेलं उचललं.

"आज ह्यातच करते. बघू तरी कसं होतंय."

"अगं, ते तिचं..." तो म्हणाला.

"असू दे हो भाऊजी!" धाकटी हसली. "ताईला नाही म्हणू का मी?"

थोरलीनं त्यात टोमॅटोची भाजी टाकली, शिसं सुटावं इतकी आंबट, आणि मंद आचेवर रटरटत ठेवली. धाकटीसाठी आणि पोरांसाठी तिनं रोजच्या स्टीलच्या भांड्यात बटाटे केले. धाकटीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ती तिखट आहे. ह्यांनाच लागते तशी."

पानं वाढली. पातेल्यातली भाजी तिनं एकट्या नवऱ्याच्या ताटात वाढली, दोन डाव, वर तिसरा. तो भात कालवत बसला. ताटाच्या ह्या कडेचा भात त्या कडेला नेला. पाणी प्यायला. पोरांना उगाचच नीट बसा म्हणून दटावलं.

"जेवा ना," थोरली म्हणाली. "थंड होतंय."

"पोटात जागा नाही. दुपारी जरा जास्तच झालं."

"इतकंसं खायला काय होतंय? आजवर कुणाला काही झालंय का?"

त्यानं भाताचा घास वळला आणि परत ताटातच ठेवला. धाकटीला वाटलं, नवरा-बायकोची काहीतरी थट्टा चाललीय. ती गालातल्या गालात हसली.

तेवढ्यात धाकटीची लेक आपलं ताट सोडून काकांच्या मांडीशी येऊन टेकली. लालभडक भाजी तिला आवडलेली दिसत होती. तिनं बोटं ताटात घातली. थोरली उठायला गेली, पण तिच्या आधी कल्हईवाल्यानं पोरीचं मनगट गच्च धरलं. तिची बोटं आपल्याच सदऱ्याला पुसली. एकदा पुसली, पुन्हा पुसली.

"खाऊ द्या की, भाऊजी. तिखटाची सवय व्हायला नको का?"

त्यानं मनगट सोडलं नाही. पोर रडायला लागली तरी सोडलं नाही.

धाकटीचं हसू मावळलं. ती भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिली, मग थोरलीकडे वळली.

"ताई, काय आहे त्यात?"